पैसे भरण्याच्या पानाची परीक्षा

इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या मालाची, भावाची आणि पोचवणीची चिंता असते, आणि ती असणे योग्यच आहे. परंतु ज्या ब्राउझरमधून गिऱ्हाईक त्या दुकानात प्रवेश करते त्याची निवड गिऱ्हाइकाने, किंबहुना त्याच्या फोनच्या कारखानदाराने, आधीच करून ठेवलेली असते आणि तीवर दुकानदाराची काडीमात्र सत्ता चालत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येते ती बहुधा फार उशिरा. मालक स्वतः आपले संकेतस्थळ पाहतो ते बहुशः एकाच संगणकावर, एकाच क्रोममध्ये, कचेरीतील वेगवान वायफायवर. तेथे सर्व काही सुरळीत दिसते, आणि येथे आहे तसेच ते सर्वत्र असेल असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. काही बिघडलेच तर कोणीतरी तक्रार करीलच, अशीही त्याची समजूत असते. ही समजूत साफ चुकीची आहे. ‘ऑर्डर द्या’ हे बटण ज्याच्या फोनवर दबलेच नाही असा मनुष्य तक्रारअर्ज लिहीत बसत नाही; तो ते पान बंद करतो, तीच वस्तू दुसरीकडून मागवतो, आणि मालकाच्या दप्तरात या प्रसंगाची नोंद कोठेच होत नाही.

या विषयाकडे वळताना प्रथमच एक विवेक केला पाहिजे. एका ब्राउझरमध्ये चौकटीचे कोपरे गोल दिसले व दुसऱ्यात टोकदार, एकात अक्षर किंचित ठसठशीत तर दुसऱ्यात बारीक, या भेदांपायी प्रोग्रामरचे दिवस आणि मालकाचा पैसा खर्ची पडताना मी पुष्कळदा पाहतो, आणि तो खर्च मला व्यर्थ वाटतो; कारण कोणतेही गिऱ्हाईक तेच पान दोन ब्राउझरमध्ये शेजारीशेजारी ठेवून पाहत नसते. उलट वस्तू सापडणे, ती निवडणे, पत्ता देणे, पैसे भरणे आणि पावती मिळणे ही जी एक सलग वाट आहे ती प्रत्येक ब्राउझरमध्ये अखंड राहिली पाहिजे, आणि या बाबतीत मात्र रतीभरही सवलत देता कामा नये. पान कुरूप दिसले तरी विक्री होऊ शकते. पैसे भरण्याचे पान अडले की विक्री होत नाही.

ब्राउझरांची नावे अनेक असली तरी पान वाचून ते पडद्यावर मांडणाऱ्या त्यांच्या पोटातील यंत्रणा, ज्यांना या धंद्यात इंजिने म्हणतात, आज मुख्यत्वे तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंगच्या फोनांतील ब्राउझर हे ब्लिंकवर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर. त्यांतले ब्लिंकही २०१३ साली वेबकिटमधूनच फुटून निघालेले. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे इंजिन सोडून २०२० च्या जानेवारीत, क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा आश्रय केला आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला निवृत्त केले, तेव्हा ज्याच्या नावाने प्रोग्रामरांची एक सबंध पिढी बोटे मोडीत आली तो जाच संपला; परंतु त्यासरशी क्रोममध्ये चालले की जगात चालले अशी एक नवी आणि तितकीच घातक समजूत रूढ झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर क्रोम उतरवून घेतला तरी त्याच्या आत वेबकिटच असते. शिवाय आयफोनवरील वेबकिट फोनच्या कार्यप्रणालीबरोबरच अद्ययावत होते, स्वतंत्रपणे नव्हे. आणि आयफोन ७ सारख्या फोनाची प्रणाली १५ व्या आवृत्तीच्या पुढे जात नसल्यामुळे, तो फोन वापरणारे गिऱ्हाईक कितीही दक्ष असले तरी त्याला नवे इंजिन मिळण्याचा मार्गच नाही. त्याला ‘आपला ब्राउझर अद्ययावत करा’ अशी पाटी दाखवणे म्हणजे निव्वळ अरेरावी होय.

एकाच ब्राउझरवर विसंबून राहिल्याने एका सबंध देशाच्या व्यापाराची काय गत होते याचे उदाहरण दक्षिण कोरियाने घालून दिलेले आहे, आणि ते विस्ताराने सांगण्याजोगे आहे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेने बळकट सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध घातलेले असल्यामुळे परदेशी जाणाऱ्या ब्राउझरांत दुबळी, ४० बिटांची संरक्षणव्यवस्था असे. पैशाचा व्यवहार तेवढ्यावर सोपवणे कोरियन अंमलदारांना धोक्याचे वाटले, आणि ते वाटणे गैर नव्हते. म्हणून त्यांनी सीड नावाची स्वतःची सांकेतिक पद्धती सिद्ध केली आणि ऑनलाइन पैशाचा व्यवहार करणाऱ्याने डिजिटल प्रमाणपत्र बाळगावे अशी तजवीज केली. परंतु ही पद्धती ब्राउझरांना मुळात अवगत नसल्याने ती अॅक्टिव्हएक्स या जोडयंत्रणेच्या द्वारे बसवावी लागली, आणि अॅक्टिव्हएक्स केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. पुढे अमेरिकेचे निर्बंध शिथिल झाले, सर्वच ब्राउझरांत बळकट संरक्षण आले, तरी कोरियातील नियम मात्र जागच्या जागीच राहिला. तीन लाख वॉनपासून पुढच्या ऑनलाइन खरेदीला प्रमाणपत्र आवश्यक, प्रमाणपत्राला अॅक्टिव्हएक्स आवश्यक, आणि अॅक्टिव्हएक्सला इंटरनेट एक्सप्लोरर आवश्यक, अशी ती साखळी होती. अतिवेगवान इंटरनेटबद्दल ज्या देशाची ख्याती, त्याच देशात मॅक किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्याला साधी खरेदी करणे दुरापास्त व्हावे, यातील विसंगती कोणालाही खटकेल. २०१४ साली एका लोकप्रिय कोरियन दूरदर्शन मालिकेतील नायिकेने घातलेला कोट चीनमधील प्रेक्षकांना विकत घ्यावासा वाटला, पण कोरियन संकेतस्थळांवर त्यांना तो घेता येईना, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-ह्ये यांनी नियमसुधारणेच्या बैठकीत त्या कोटाचा दाखला दिला. त्याच वर्षी खरेदीसाठी प्रमाणपत्राची सक्ती उठली. त्या प्रमाणपत्रांचे कायदेशीर विशेषस्थान जायला मात्र २०२० चा डिसेंबर उजाडावा लागला. दुबळ्या सांकेतिकीकरणावर उपाय म्हणून योजलेली ही व्यवस्था, ज्या कारणासाठी ती योजली ते कारण नाहीसे झाल्यावरही, दीर्घकाळ व्यापाराच्या मानगुटीवर बसून राहिली.

आपल्याकडे असा सरकारी हुकूम नाही. परंतु एकाच ब्राउझरचा स्वभाव हाच जगाचा नियम समजून लिहिलेला कोड परिणामी तेच करतो, आणि त्याचा सर्वांत महागडा नमुना गिऱ्हाईक पैसे भरून परत येते त्या क्षणी पाहावयास मिळतो. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाची ओळख कुकीत ठेवलेली असते. पैसे भरण्यासाठी ते पेमेंट गेटवेच्या किंवा बँकेच्या पानावर जाते, तेथे ओटीपी देते, आणि मग बँकेचे पान पुष्कळदा एक फॉर्म आपोआप सादर करून त्याला दुकानात परत पाठवते. २०२० च्या फेब्रुवारीपासून क्रोमने ज्या कुकीवर सेमसाइट हा शेरा नसेल तिला ‘लॅक्स’ समजण्यास आरंभ केला, आणि लॅक्स कुकी परक्या संकेतस्थळावरून सादर झालेल्या अशा फॉर्मसोबत पाठवली जात नाही. परिणाम असा की, पैसे खात्यातून गेले, गिऱ्हाईक दुकानात परतले, परंतु दुकान त्याला ओळखत नाही. समोर लॉगिनचे पान किंवा रिकामी कार्ट. हा बदल इतका दूरगामी ठरला की करोनाच्या साथीत त्याची अंमलबजावणी एप्रिलमध्ये स्थगित करून जुलैत पुन्हा सुरू करावी लागली.

यातील खरी गोम पुढेच आहे. अशा व्यवहारांची एकदम कोंडी होऊ नये म्हणून क्रोमने एक सूट ठेवली: शेरा नसलेली कुकी दोन मिनिटांहून कमी काळापूर्वी ठेवलेली असेल तर ती फॉर्मसोबत जाऊ दिली जाते. प्रोग्रामर दुकान उघडतो, चाचणीचे कार्ड टाकतो, क्षणार्धात परततो आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देतो. उलट ज्याने अर्धा तास साड्या पाहिल्या, किंवा ज्याचा ओटीपी दुबळ्या सिग्नलमुळे उशिरा आला, अशा गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र व्यवहार तुटतो. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ या कैफियतीमागे पुष्कळदा हेच कारण दडलेले असते. बरे, ‘सेमसाइट नन’, म्हणजे कोणतीच आडकाठी नको, असा शेरा सरसकट मारून सुटका करून घ्यावी, तर आयफोनच्या १२ व्या प्रणालीतील सफारी त्या शेऱ्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे सर्वांत कडक, असा लावीत असे.

याचा बंदोबस्त कुकीचे शेरे बदलत बसण्यात नाही, व्यवहाराची रचना सुधारण्यात आहे. बँकेकडून परतणाऱ्या मागणीची ओळख कुकीवर न सोपवता गेटवेने पाठवलेल्या ऑर्डर क्रमांकावरून व सहीवरून पटवावी. सहीची रुजुवात सर्व्हरवर करावी. आणि ती झाल्यावर गिऱ्हाइकाला साध्या दुव्याने पावतीच्या पानाकडे वळवावे, म्हणजे त्या वेळी लॅक्स कुकीही विनातक्रार सोबत येते. पैसे मिळाल्याची पक्की नोंद तर ब्राउझरच्या परतण्यावर अवलंबून ठेवूच नये. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला जो परस्पर निरोप पाठवतो त्यावरून ती करावी. अशी व्यवस्था असली की बस बोगद्यात शिरली, बॅटरी संपली किंवा गिऱ्हाइकाने टॅब बंद केला, तरी हिशेब चुकत नाही. आणि ‘पैसे भरा’ हे बटण उतावीळपणे दोनदा दाबले गेले तरी ऑर्डर एकच धरली जाईल अशी तरतूद सर्व्हरवर हवी, कारण बटण निष्क्रिय करण्याचे काम स्क्रिप्टवर सोपवले आणि स्क्रिप्टच मोडली तर रक्कम दोनदा वसूल होण्याची भीती राहते.

स्क्रिप्ट मोडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगावयास हवे की, जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये ब्राउझरला न समजणारी एखादी नवी रचना आली तर केवळ ती ओळ नव्हे, ती सबंध फाइल निकामी होते. शब्दाच्या मागे काय आहे ते पाहून तपासणी करणारी, ज्याला लुकबिहाइंड म्हणतात अशी रचना सफारीत २०२३ च्या मार्चमध्ये, १६.४ या आवृत्तीत आली. म्हणजे वर सांगितलेल्या आयफोन ७ वर ती नाही, आणि मोबाइल क्रमांकाच्या तपासणीत कोणी हौसेने ती वापरली असेल तर त्या फोनवर त्या फाइलमधील एकही बटण चालणार नाही. तारखेचेही तसेच. ‘२०२४-०१-१५ १०:३०’ अशी मध्ये मोकळी जागा सोडलेली तारीख क्रोम वाचतो, पण सफारीच्या जुन्या आवृत्त्या ती अवैध ठरवतात, आणि मग माल पोचण्याच्या तारखेच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. बँकेची खिडकी नव्या टॅबमध्ये उघडण्याची आज्ञा सर्व्हरचे उत्तर आल्यानंतर दिली तर, बोटाच्या स्पर्शाशी तिचा संबंध तुटला असे मानून सफारी ती अडवते. तेव्हा त्याच पानावरून पुढे नेणे हेच श्रेयस्कर.

आयफोनच्या पडद्यासंबंधी दोनच गोष्टी सांगतो. पानाची उंची पूर्ण पडद्याइतकी धरून तळाशी बटण चिकटवले की ते सफारीच्या तळपट्टीखाली झाकले जाते; यासाठी २०२२ पासून आलेले गतिमान उंचीचे मान वापरावे आणि जुन्या फोनांसाठी त्याच्या आधीच्या ओळीत साधे मान राहू द्यावे. आणि फॉर्मच्या रकान्यांतील अक्षर १६ पिक्सेलहून लहान असेल तर रकान्याला स्पर्श होताच सफारी सबंध पान मोठे करते व गिऱ्हाईक पानावर भरकटते. एवढ्याशा आकड्याने एवढा घोटाळा व्हावा हे नवलच.

कार्ट कोठे ठेवावी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. स्क्रिप्टने ब्राउझरच्या साठ्यात ठेवलेली माहिती, सात दिवस त्या संकेतस्थळाशी गिऱ्हाइकाचा संपर्क आला नाही तर, सफारी पुसून टाकते. म्हणून पगाराची वाट पाहत पंधरवडाभर कार्टमध्ये वस्तू ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची निवड नाहीशी व्हायची नसेल तर कार्ट सर्व्हरवरच नोंदलेली असावी. तसेच मागे जाण्याचे बटण दाबले असता ब्राउझर गोठवून ठेवलेले जुने पान जसेच्या तसे पुन्हा दाखवतात, आणि काढून टाकलेली वस्तू पुन्हा दिसू लागते. पान असे परत दाखवले गेल्याची सूचना ब्राउझर देतो, ती ऐकून कार्टचा आकडा ताजा करून घ्यावा.

आपल्या देशातील व्यवहाराचे म्हणून काही विशेष आहेत आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत ते सापडणार नाहीत. पहिला विशेष यूपीआयचा. अँड्रॉइडवर यूपीआयचा दुवा दाबताच पैसे देण्याची अॅप समोर येतात, संगणकावर त्याच दुव्याने काहीच घडत नाही. म्हणून संगणकावर क्यूआर दाखवावा हे ठीक, परंतु तोच क्यूआर मोबाइलवरही दाखवून स्वस्थ बसणारी दुकाने पाहिली की आश्चर्य वाटते, कारण स्वतःच्याच फोनचा पडदा त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कोणी कसा टिपावा! दुसरा विशेष असा की, आपल्याकडील लहान दुकानांची बरीच गिऱ्हाइके इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरील जाहिरातीतून येतात, आणि तो दुवा क्रोममध्ये नव्हे तर त्या अॅपच्या पोटातील खिडकीत उघडतो. या खिडकीत गिऱ्हाइकाने क्रोममध्ये केलेले लॉगिन नसते, नवा टॅब उघडेलच असे नाही, आणि यूपीआयचा दुवा ‘अज्ञात’ म्हणून नाकारला जाण्याचा संभव असतो. त्यासाठी कार्डाचा किंवा नेटबँकिंगचा पर्याय तेथेच डोळ्यांसमोर ठेवावा, आणि पानाचा पत्ता नकलून घेऊन क्रोममध्ये अथवा सफारीत उघडण्याची सोय ठळकपणे द्यावी.

मराठी गिऱ्हाइकासाठी आणखी एक गोष्ट. मराठी कळफलक वापरणारा मनुष्य पिनकोड ४११०३० असा देवनागरी अंकांत लिहील, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या तपासणीला फक्त इंग्रजी अंकच अंक वाटतात आणि ती ‘पिनकोड चुकीचा आहे’ असा उर्मट शेरा देते. अंक कोणत्याही लिपीत येवोत, ते सर्व्हरवर रूपांतरित करून घ्यावे. उलट दिशेने, ब्राउझरला मराठी पद्धतीने रक्कम मांडावयास सांगितली तर तो ₹१,२५,००० अशी देवनागरी अंकांत, लाखाच्या स्वल्पविरामासह सुरेख मांडतो. फक्त पडद्यावरची ती अक्षरे पुन्हा वाचून बेरीज करू नये, हिशेब मूळ आकड्यांवरच करावा. पिनकोड व ओटीपी यांच्या रकान्यांना ‘संख्या’ हा प्रकार देण्याचा मोहही टाळावा. ओटीपी ही संख्या नव्हेच; ती संख्या मानून हाताळली की आरंभीचे शून्य गळते, आणि काही ब्राउझरांत माउसचे चाक फिरताच अंक बदलतो. साधा मजकुराचा रकाना ठेवून केवळ कळफलक अंकांचा मागवावा, आणि ओटीपीच्या रकान्याला एकवेळच्या संकेताचा शेरा द्यावा, म्हणजे आयफोन संदेशातील आकडा स्वतःच सुचवतो.

ब्राउझरचे नाव विचारून त्याप्रमाणे वागणारा कोड लिहिणे ही जुनी आणि वाईट खोड आहे. ब्राउझर आपली ओळख सांगतात ती मुळातच भरवशाची नसते. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवतो, तो केवळ पूर्वीच्या संकेतस्थळांनी इतरांना दारात अडवले होते म्हणून. २०२२ च्या मार्चमध्ये क्रोमची आवृत्ती शंभरावर गेली तेव्हा दोनच अंकी आवृत्ती धरून चालणारा कोड अडखळेल या धास्तीने क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांच्याही कर्त्यांना आगाऊ चाचण्या घ्याव्या लागल्या. नाव न विचारता ब्राउझरला ती गोष्ट येते की नाही एवढे विचारावे, आणि येत नसेल तेव्हा साध्या मार्गाने काम भागवावे. पत्त्याचा फॉर्म स्क्रिप्टविना सादर करता आला, तर उरलेली सजावट हवी तेवढी करण्यास कोणाची हरकत नाही.

चाचणीसाठी प्लेराइटसारखी साधने तिन्ही इंजिनांवर खरेदीची सबंध वाट रोज आपोआप चालवून पाहू शकतात व ती अवश्य वापरावी. मात्र त्यातील वेबकिट म्हणजे हातातल्या आयफोनवरची सफारी नव्हे, हे विसरू नये. कळफलक वर आल्यावर बटण दिसते का, ओटीपीचा संदेश वाचून परत येईतो पान शाबूत राहते का, हे खऱ्या फोनवरच कळते. निरनिराळे फोन विकत घेणे परवडत नसेल तर २०११ साली मुंबईत स्थापन झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या कंपन्या खरे फोन दुरून वापरावयास भाड्याने देतात. आणि कोणत्या ब्राउझरांची दखल घ्यावी हे ठरवताना निव्वळ भेटींच्या आकडेवारीवर जाऊ नये. सफारीतून खरेदी थोडी होते म्हणून सफारीकडे दुर्लक्ष करावे, असे सांगणारे सल्लागार भेटतात. पण ती थोडी होण्याचे कारण सफारीत बटणच चालत नाही हेही असू शकते. कार्टपर्यंत आलेल्या शंभर गिऱ्हाइकांपैकी पावतीपर्यंत किती पोचली, हा हिशेब प्रत्येक ब्राउझरचा वेगळा मांडावा. क्रोम आणि सफारी यांच्यात मोठी तफावत आढळली तर दोष गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीत नसून आपल्या पानात आहे असे धरूनच शोधाला लागावे.

दुकान बांधून घेताना करारनाम्यात ‘सर्व आधुनिक ब्राउझरांत चालेल’ एवढे मोघम वाक्य असते, आणि त्यातल्या ‘आधुनिक’ या विशेषणाच्या आडून हवे ते निसटून जाते. त्याऐवजी फोनांची व प्रणालींच्या आवृत्त्यांची नावे लिहून घ्यावीत. त्यांत एक जुना आयफोन, एक स्वस्त अँड्रॉइड फोन, संगणकावरील फायरफॉक्स आणि इन्स्टाग्रामच्या आतील खिडकी यांचा समावेश असावा. आणि कामाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मालकाने या प्रत्येकावर स्वतःच्या पैशांनी एक खरी वस्तू मागवावी, ओटीपीच्या पानावर मुद्दाम तीन-चार मिनिटे थांबावे, मग पैसे भरावेत, आणि पावती हाती आल्यावरच हप्ता चुकता करावा.